लाईन क्लिअर

इंग्रज शब्दांच्या बाबतीत भलताच काटकसरी. नवा शब्द घडवण्यापेक्षा जुन्यालाच आणखी एक काम लावून देतो. ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी 'रन' या क्रियापदाचे अर्थ नव्याने लावले, तेव्हा ते भरले ६४५. त्यासाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसून होते. गांधारी शंभरावर थांबली, हे गृहस्थ ६४५ वर.

आपल्याकडे 'रन' क्रिकेटपलीकडे फारसा गेला नाही. आपण खरं राबवून घेतलं ते 'लाईन'ला. मूळचा हा शब्द लॅटिनमधला. 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडापासून निघालेला दोरा म्हणजे 'लिनिआ', आणि तो ताणून धरला की लाईन. म्हणजे नात्याने पाहिलं तर वऱ्हाडातली जवसाची चटणी ही आपल्या हार्बर लाईनची सख्खी चुलत बहीण. दोन्हींनी डोळ्यांत पाणी येतं.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि मुंबईकराच्या आयुष्यात लाईन शिरली. आज मुंबईत गोत्रापेक्षा लाईन महत्त्वाची. वेस्टर्नवाला सेंट्रलवाल्याकडे असं बघतो की याच्याकडे नळाला पाणी तरी येत असेल का! सेंट्रलवाला हार्बरवाल्याकडे तसंच बघतो. हार्बरवाला कोणाकडेच बघत नाही, तो रविवारचा मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते बघत असतो. यात मरीन लाईन्स हे स्टेशन वेगळंच. त्याच्या नावात लाईन्स आहेत त्या जुन्या लष्करी वसाहतीच्या, आणि ते स्वतः आहे वेस्टर्न लाईनवर. नवख्याला हे समजावून सांगेपर्यंत चर्चगेट येतं.

आमच्या ओळखीत एका लग्नाची बोलणी या शब्दावर अडली होती. मुलीचे वडील बोरिवलीचे. त्यांनी विचारलं, "मुलगा कुठल्या लाईनला आहे?" मुलाचे मामा अभिमानाने म्हणाले, "हार्बर." वडिलांना हवा होता धंदा, त्यांना वाटलं, मुलगा बंदरात हमाली करतो. मामांना वाटलं, बोरिवलीकरांना आमची लाईन कमी दर्जाची वाटते. दोघेही आपापल्या अर्थाने दुखावले आणि चहा तसाच निवला.

कसारा घाट चढून नागपूरपर्यंत जावं तर लाईन तारेत शिरलेली असते. पुण्यात लाईट जातात, नागपूरची मावशी फोनवर सांगते, "सकाळपासून लाईन नाही बाप्पा!" नागपुरात सिव्हिल लाईन्स नावाचा भारदस्त भाग आहे, तिथली लाईनही अधूनमधून जाते. शेतकऱ्याच्या तोंडी 'या आठवड्यात रात्रीची लाईन आहे' हे वाक्य आलं, तर त्यात प्रवासाची मजा शोधू नये. विहिरीवरच्या मोटारीला रात्रीच वीज मिळणार आहे, आणि थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला त्यालाच जायचं आहे. लाईनमन नावाचा माणूस तेव्हा देवापेक्षा दुर्मिळ. देवाचा निदान फोटो तरी घरात असतो.

कॉलेजात लाईन मारतात ती याहून निराळी. ती मारणारा हा पहिला पक्ष. देणारी हा दुसरा पक्ष. दिली नाही तरी पहिल्या पक्षाचे मित्र 'दिली, दिली' म्हणून ग्वाही देतात. मग मुलाचे वडील त्याला 'लाईनीवर आणतात', तो नोकरीच्या 'लाईनीला लागतो', आणि पुढे रेशनच्या, गॅसच्या, आधारच्या लाईनीत उभा राहून त्याचं यौवन सरतं. हल्ली हे सगळं ऑनलाईन झालं आहे म्हणतात. त्यासाठी सायबर कॅफेबाहेर लाईन असते.

या सगळ्यावर कडी केली ती इस्पितळाने. आमचे डोंबिवलीचे काका न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होते. तरुण डॉक्टर बाहेर येऊन घाईघाईत म्हणाले, "सेंट्रल लाईन टाकावी लागेल. सही करा." मानेजवळच्या मोठ्या शिरेतून नळी घालतात, तिला ते लोक सेंट्रल लाईन म्हणतात, हे आम्हां कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. काकांचे शेजारी, ज्यांची हयात ८.१४ च्या फास्टमध्ये लोंबकळत गेली, ते गंभीरपणे म्हणाले, "ठाणे-दिवा पाचवी-सहावी तर २०२२ लाच टाकली की! आता आणखी कुठली?"

डॉक्टरांनी मानेवर बोट ठेवून दाखवलं. शेजारी जरा ओशाळले, पण हटले नाहीत. "मग वेस्टर्न टाका ना," ते म्हणाले, "खर्च होऊ दे, पण वेळेवर चालते."

काकूंनी सही केली. लाईन व्यवस्थित पडली, औषधं वेळापत्रकाप्रमाणे धावू लागली आणि काका शुद्धीवर आले. पुढे प्रकृती सुधारल्यावर एका सकाळी सिस्टरबाई हसत म्हणाल्या, "काका, आज तुमची सेंट्रल लाईन काढून टाकायची."

काका ताडकन उठून बसले. "काढणार? अहो, मग आम्ही घरी जायचं कसं?"