परीक्षा फी

लहानपणी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'परीक्षेत आणू नको' हे शब्द आले, की मी डोळे जरा जास्तच घट्ट मिटायचो. सहामाही तोंडावर असायची आणि आपली विनंती थेट वर पोचते आहे, याचं फार समाधान वाटायचं. मग संडेस्कूलच्या बाईंनी खुलासा केला, की बाबा रे, इथं परीक्षा म्हणजे मोह. सहामाही झालीच. पुढं मास्तर होऊन मीच बत्तीस वर्षं दुसऱ्यांना परीक्षेत आणलं आणि आता पाचोडला पेन्शनवर बसलो आहे. म्हणजे मोहात पडायला दिवसभर मोकळा.

पाचोडच्या ख्रिस्ती माणसाचा रविवारी मोठा पेच होतो. सकाळी उपासना आणि त्याच दिवशी गावचा आठवडी बाजार. पाळकसाहेबांचा आशीर्वाद जरा लांबला, की बायाबापड्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव मावळून मेथीचे भाव दिसू लागतात. यंदा लेंटच्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी उपदेश होता ख्रिस्ताच्या रानातल्या परीक्षेवर. चाळीस दिवसांचा उपवास, समोर सैतान आणि त्याचे तीन प्रस्ताव: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, नाहीतर मला नमस्कार कर आणि जगातली सगळी राज्यं घेऊन जा. पाळकसाहेब शिखरापर्यंत पोचले होते, तेवढ्यात माझा खिसा थरथरला. गीतांच्या पुस्तकाआड धरून मी मेसेज वाचला. 'घाई करा! डबल डोअर फ्रिज. फक्त २ शिल्लक!'

खरं सांगतो, मला सैतानाची कीव आली. बिचारा चाळीस दिवस थांबला, रानापर्यंत पायपीट केली आणि भांडवल काय, तर तीन युक्त्या. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एकूण १३ युक्त्या मोजून दिल्या आहेत. खोटी घाई करणं, टोपलीत न विचारता भलतीच वस्तू सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, सारखं टोचत राहणं, अशी ती यादी. सरकारनं बंदी घातल्यापासून मला या तेराही युक्त्या नीट ओळखता येतात. रोज सराव होतो.

तरी मूळ कसब त्या जुन्या धंदेवाल्याचंच. त्यानं ख्रिस्ताला भाकर कुठं दाखवली? 'तू देवाचा पुत्र असशील तर' असा नुसता खडा टाकला. फ्रिजवाल्या जाहिरातीतही फ्रिज शेवटच्या दोन सेकंदांत येतो. त्याआधी पाहुणे येतात, गार पाणी संपलेलं असतं, सासूबाई सुनेकडे बघतात आणि सुनेची मान खाली जाते. तू चांगली सून असशील तर, तू खरा बाप असशील तर! आमच्या जुन्या फ्रिजला एकच दार आहे आणि त्या दारानं एकवीस वर्षं कुणाचा अपमान केला नव्हता. त्या रविवारी दुपारी मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच ओशाळल्यासारखं झालं.

आमच्याकडे मोसंबीला मुख्य बहार दोन, मृग आणि आंबिया. फ्लेक्सला मात्र बारमाही फळं लागतात. आडत्याकडून शेतकऱ्याच्या हातात मोसंबीची पट्टी पडायचा अवकाश, की धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला झिरो टक्क्यांचं पीक डोलू लागतं. माझी मोसंबीची बाग नाही, पण बोर्ड सगळ्यांना सारखाच वाचता येतो. फ्रिजच्या दुकानात शिरलो, तर तिथला पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. "सर, झिरो परसेंट हाय. व्याजाचा एक रुपया न्हाई." फ्रिज चोवीस हजारांचा, दोन हजारांचे बारा हप्ते, वर ५९९ प्रोसेसिंग फी. "आणि रोख घेतला तर?" "रोखीत साडेबावीस पडंल, सर."

गणितात काठावर पास झालेल्या या पोरानं मला शून्याचा नवा अर्थ शिकवला. घरी धाकटीनं, ती बँकेच्या परीक्षा देते, कागदावर मांडून दाखवलं: रोखीपेक्षा २,०९९ रुपये जास्त आणि वर्षाचा दर सतरा टक्क्यांच्या वर. शिवाय रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की झिरो टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या पदराआड लपवलेलं असतं. आमच्याच तालुक्याच्या पैठणचे नाथमहाराज एका पैची चूक शोधायला रात्रभर दिवा लावून बसल्याची कथा आहे. आमची पोरगी चार मिनिटांत दोन हजारांची शोधते आणि तिला कुणी संत म्हणत नाही.

बुरूज बांधायला निघालेल्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं प्रभूनंही सांगून ठेवलं आहे. सुताराच्या घरात वाढलेल्याला अंदाजपत्रक कळणारच. आमच्या मंडळीत मात्र दशांश ढोबळ पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या, यावर तीन बैठका झाल्या. हप्ता कशावर द्यायचा, यावर एकही नाही. तो पाच तारखेला आपोआप कापला जातो. त्यात परवा एका सुवार्ता महोत्सवाचा फ्लेक्स लागला. शंभरपट आशीर्वादाची हमी आणि खाली क्यूआर कोड. निदान फ्रिजवाला एक वर्षाची वॉरंटी तरी देतो.

मराठीत 'मंडळी' म्हणजे बायको. आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्चमधल्या जमावालाही मंडळीच म्हणतात. एक मंडळी रविवारी भेटते, दुसरी रोज. घरातल्या मंडळीनं लग्नापासून हिशेबाची वही ठेवली आहे. तिचं दैवत लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे आणि तो संसार हाकताना काय तारांबळ उडे, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. "अहो, टिळकांचा पैसा गरजवंताकडं तरी जायचा," ही म्हणाली. "तुमचा दोन दारांच्या कपाटाकडं चाललाय."

फ्रिज रद्द झाला. रात्री दोन वाजता फोन पुन्हा उजळला: 'तुम्ही काहीतरी विसरलात. तुमची वस्तू वाट पाहते आहे.' नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एका मेंढराच्या मागं निघालेला मेंढपाळ मी आयुष्यभर ऐकत आलो. तो लोकर कातरायची कात्री घेऊन येईल, हे कुणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब नाताळनंतर आमच्या घरी फिरकलेले नाहीत. कंपनी आठवड्यातून चारदा येते, नावानं हाक मारते आणि माझ्या गुडघेदुखीचीही तिला खबर असते.

पुढच्या रविवारी मंडळीनं माझा फोन काढून घेतला. हातात पिशवी, पाचशेची एक नोट आणि यादी दिली: मेथी, वांगी, शेंगदाणे, मिरच्या, अर्धा किलो गूळ. मी रानातून विजयी होऊन परतलेल्या माणसासारखा बाजारात शिरलो. फ्लेक्सकडे पाहिलं नाही. झिरो टक्केवाल्या पोराला लांबूनच हात केला. गूळसुद्धा घासाघीस करून घेतला. बाजाराच्या टोकाशी गळ्यात माईक अडकवलेला एक माणूस हातातल्या प्लॅस्टिकच्या यंत्रानं मोसंबी पिळत होता. एक दाब, पेला भरला, बी एक नाही. "गुरुजी, घरात लहान लेकरू असंल तर..."

माझ्या घरात लहान लेकरू नाही.

संध्याकाळी मंडळीनं वही उघडली. मेथी, वांगी, शेंगदाणे, मिरच्या, गूळ. मग चष्म्यावरून टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: परीक्षा फी, १५० रुपये.