प्रयोग : माजी सैनिक व त्याचे नाव यांचा मेळ घालणे

उद्देश

माजी सैनिकाच्या सेवा नोंदीतले नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखचिन्ह आणि घरच्या माणसांचे तपशील त्याच्या आधार कार्डाशी, पॅन कार्डाशी आणि जमल्यास त्याच्याशी जुळवणे, हा या प्रयोगाचा उद्देश आहे.

प्रयोग बहुधा निवृत्तीनंतर होतो. नोकरीत असताना सैनिकाचे नावावाचून फारसे अडत नाही. पलटणीत आडनावाने हाक मारतात आणि पगार नंबरावर जमा होतो. चूक उघडी पडते ती पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यावर, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे, कार्ड काढताना, किंवा सैनिक वारल्यानंतर पत्नीने फॅमिली पेन्शनचा अर्ज भरल्यावर. या शेवटच्या प्रसंगी प्रयोगाचे मुख्य साहित्यच उपलब्ध नसते. म्हणून प्रयोग त्याआधी उरकावा.

सिद्धान्त

दोन कागदांवर दोन नावे असतील, तर माणसे दोन आहेत. तिसऱ्या कागदाने ती एकच असल्याचे सांगेपर्यंत कार्यालय या गृहीतकावर ठाम असते.

कागदांनाही वंशावळ असते. भरतीच्या दिवशी जवानाचा शीट रोल तयार होतो, तो मूळपुरुष. निवृत्तीच्या वेळी त्यावरून डिस्चार्ज बुक निघते. त्याच नोंदींवरून प्रयागराजच्या लेखा कार्यालयात पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, तयार होतो आणि पुढची कार्डे पीपीओवरून. आजोबांचे नाक नातवाकडे यावे तशी शीट रोलवरची एक वेलांटी चाळीस वर्षांनी दवाखान्याच्या कार्डावर अवतरते. त्यामुळे बँकेच्या खिडकीशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. बँक ही फार तर पणती. दुरुस्ती मूळपुरुषापासून, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसपासून, करत खाली यावे लागते.

पूरक नियम असा की, दोन कागदांत जो जुना तो खरा. माणूस त्या दोन्हींपेक्षा जुना असतो, पण तो कागद नसल्यामुळे त्याचा विचार करता येत नाही.

दोषांचे वर्गीकरण

१. *उच्चारदोष.* ज्ञानेश्वर नावाचा मुलगा भरतीच्या मैदानात धावून, छाती मोजून टेबलापर्यंत येतो. टेबलामागचा क्लर्क उत्तरेकडचा. मराठी शाळेत ‘ज्ञ’ रोमन लिपीत डी, एन, वाय, ए असा लिहितात. क्लर्कच्या कानाला तो ‘ग्य’ ऐकू येतो आणि तो जी, वाय, ए लिहितो. क्लर्क चुकलेला नसतो. मुलगाही चुकलेला नसतो. तो अजून धापा टाकत असतो आणि समोरच्या कागदात काय लिहिले आहे हे वाकून बघण्याची त्याची छाती होत नाही, जरी ती नुकतीच मोजून पुरेशी भरलेली असते. रामचंद्रचा रामचंदर, आनंदरावचा नुसता आनंद, पवारांचे तीन प्रकार, हे सारे याच वर्गात मोडतात.

२. *तिथिदोष.* महाराष्ट्रात एका पिढीतले असंख्य लोक १ जूनला जन्मले. यामागे खगोलशास्त्रीय कारण नाही. शाळा जूनमध्ये उघडत असे, पोराला पहिलीत बसवण्याइतके वय भरणे आवश्यक होते आणि आईला आठवत होते ते एवढेच की, त्या साली पाऊस उशिरा आला होता. गुरुजींनी पोराकडे पाहिले, हजेरीपटाकडे पाहिले आणि १ जून लिहिले. ही तारीख शाळेच्या दाखल्यावरून सेवा नोंदीत गेली. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात मात्र भलताच महिना निघतो आणि आधार कार्डावर, केंद्रावर नुसते वय सांगितले गेल्यामुळे, १ जानेवारी असते. एका माणसाला तीन वाढदिवस मिळतात, आणि त्यांतला एकही घरात साजरा होत नाही.

३. *नामांतरदोष.* हा पत्नीच्या बाबतीत आढळतो आणि सर्वांत चिवट असतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते. वीस दिवसांच्या रजेवर लग्न उरकून जवान युनिटला परततो. लग्न सेवा नोंदीत चढवणारी पार्ट टू ऑर्डर काढण्यासाठी क्लर्क पत्नीचे नाव विचारतो. नवऱ्याने या वीस दिवसांत तिला नावाने हाक मारलेली नसते. मोठ्या माणसांसमोर ‘अगं’ एवढेही पुष्कळ झाले. तो ताटातले नाव आठवून सांगतो. क्लर्क आदराने त्याला ‘बाई’ किंवा ‘देवी’ जोडतो. तिकडे तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार यादीत तिसरे आणि गावात ती सगळ्यांची वहिनी. फॅमिली पेन्शन यांपैकी फक्त एका बाईला मिळू शकते, आणि ती बाई पार्ट टू ऑर्डरमध्ये राहते.

४. *स्थलदोष.* यात सैनिक जागचा हलत नाही, जिल्हा हलतो. १९७५ साली कुडाळहून भरती झालेल्याचा जिल्हा रत्नागिरी होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघाले, आणि उस्मानाबादचे पुढे धाराशिव झाले. पत्त्यातला माणूस याच काळात एकदाच हलला, तोही ओटीवरून माजघरात.

५. *चिन्हदोष.* ‘उजव्या गालावर तीळ’ अशी नोंद असून तीळ डावीकडे सापडणे. लिहिणारा समोर बसलेला असल्याने त्याची उजवी बाजू ती जवानाची डावी, हे कारण सरळ आहे. हा दोष सहसा कुणी तपासत नाही. तो उकरून काढू नये.

साहित्य

डिस्चार्ज बुकची प्रत, पीपीओची प्रत, आधार, पॅन, शाळेचा दाखला, जोडफोटो, बँकेचे पासबुक, एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांतील जाहीर नोटिशीची कात्रणे, लागल्यास राजपत्र, आणि या सगळ्याच्या साक्षांकित झेरॉक्स. झेरॉक्स मागितल्या त्याच्या दुप्पट काढाव्यात. याखेरीज संगणक हाताळणारा एक नातू लागतो. तो परगावी नोकरीला जाण्याआधी प्रयोग सुरू करावा.

कृती

प्रथम आपले रेकॉर्ड ऑफिस कोठे आहे ते निश्चित करावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. माणूस साताऱ्यात आणि नाव जबलपुरात, अशी स्थिती सर्वसाधारण आहे. थेट लिहिता येते. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवल्यास तो कोणत्या नमुन्यात हवा हे तिथे बसलेल्या दुसऱ्या माजी सैनिकाकडून कळते. त्याचे स्वतःचे नाव दुरुस्त होऊन आलेले असल्यास त्याचाच अर्ज समोर ठेवून उतरवावा. नाव बदलायला विसरू नये.

मग फरकाचे वजन करावे. एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल, तर बहुधा प्रतिज्ञापत्रावर भागते. त्यात सैनिक शपथेवर सांगतो की ज्ञानेश्वर आणि ग्यानेश्वर हे दोघेही आपणच आहोत. असे शपथेवर सांगणारा माणूस एरवी वेगळ्या दवाखान्यात पाठवला जातो; येथे त्याला नोटरीकडे पाठवतात.

नावच पालटले असेल, तर जाहीर नोटीस लागते. ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी, एका इंग्रजी आणि एका मराठी. मजकूर साधारण असा असतो: ‘माझ्या पत्नीचे नाव सेवा अभिलेखात चुकून अमुक असे नोंदले गेले असून तिचे खरे नाव तमुक असे आहे, तरी याची सर्वांनी नोंद घ्यावी.’ ती बोअरवेल आणि हरवलेल्या गुणपत्रिका यांच्या मध्ये छापून येते. सर्वांनी नोंद घेणे अपेक्षित नसते; अंकाचे पूर्ण पान तारखेसह जपून ठेवणे अपेक्षित असते. त्या पानात घरात कुणी फरसाण बांधून देणार नाही, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. काही प्रकरणांत यापुढे राजपत्रही मागतात. लग्नात भटजींनी आणि पाच सवाष्णींनी तांदळात उरकलेला विधी शासन येथे पुन्हा एकदा शाईत करते.

कागद पोचल्यावर रेकॉर्ड ऑफिस खात्री करून दुरुस्तीची नोंद करते आणि ती पेन्शन विभागाला कळवते. जुन्या पद्धतीत यावर शुद्धिपत्रकाचा पीपीओ निघे. ‘स्पर्श’मध्ये बदल खात्यावर दिसतो. तो दिसेपर्यंत अर्जाची पोच आणि पोस्टाची पावती फाइलला टाचून ठेवावी. पावतीची शाई वर्षभरात उडते, म्हणून तिचीही झेरॉक्स काढावी.

जन्मतारखेविषयी विशेष दक्षता

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख बदलण्याच्या फंदात पडू नये. नोकरी संपल्यावर ती अचल मानली जाते, आणि नोकरीत असतानाही ती फारशी चल नसते. यासाठी थोर उदाहरण उपलब्ध आहे. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांची जन्मतारीख लष्कराच्या एका शाखेत १० मे १९५० होती आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१. एनडीए या लष्करी प्रबोधिनीसाठी पोरवयात भरलेल्या अर्जावर १९५०. जानेवारी २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, १० फेब्रुवारीला त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे रोजी १९५० सालच्या हिशेबाने निवृत्त झाले. दहा लाखांवर फौज हाताशी असलेल्याला जे ठाणे घेता आले नाही, त्यावर निवृत्त नायकाने एकट्याने चाल करू नये. त्याने आधार केंद्रावर जाऊन आधारची तारीख सेवा नोंदीप्रमाणे करून घ्यावी. कागद माणसाप्रमाणे करण्यापेक्षा माणूस कागदाप्रमाणे करणे या प्रयोगात नेहमीच स्वस्त पडते.

पत्नीच्या तारखेचे मात्र उलट. ती सेवा नोंदीत असलीच पाहिजे, आणि जुन्या पीपीओंत अनेकदा ती नसतेच. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्हींत २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. जिची तारीखच नोंदलेली नाही ती सरकारदरबारी म्हातारी होत नाही. हे अन्यत्र सुखाचे असले, तरी येथे दरमहा तोट्याचे आहे.

निरीक्षणे

आपण हयात आहोत, हे पेन्शनर वर्षातून एकदा सिद्ध करतो, बहुधा नोव्हेंबरात; आपण आपणच आहोत, हे त्याला बारमाही सिद्ध करावे लागते. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवतात. निवृत्तीनंतर वीस वर्षे उसाला पाणी दिलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. अशा वेळी अंगठा धुऊन, पुसून, थोडे खोबरेल लावून पुन्हा ठेवतात. तरीही न जमल्यास आता चेहरा दाखवूनही भागते. चेहरा बदललेला असतोच, पण निदान तो कुणी शब्दात लिहून ठेवलेला नसतो.

अनुमान

सेवा नोंदीत सहसा बरोबर असते ती एकच गोष्ट, सैनिकाचा नंबर. त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ते आधीच्या अंकांवरून गणित करून काढलेले असते. एखादा अंक चुकला, तर अक्षर जुळत नाही आणि चूक पकडली जाते. नावाच्या शेवटी असा पहारेकरी ठेवण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर आणि झेरॉक्सवर नावाआधी नंबर लिहावा.

सर्व कागद काळ्या लोखंडी ट्रंकेत ठेवावेत. ट्रंकेच्या झाकणावर हा नंबर पांढऱ्या रंगात रंगवलेला असतो. नोंदीत आपले कोणते नाव लागले आहे हे पत्नीला ठाऊक नसले तरी चालते, ते फाइल सांगेल. नंबर मात्र तिला शेवटच्या अक्षरासह पाठ हवा. बहुतेक घरांत तो असतोच, कारण नवरा सरहद्दीवर असताना दर आंतर्देशीय पत्रावर तिने त्याच्या नावाआधी तोच लिहिलेला असतो.