कोमा, सेन्योरा, कोमा!

माद्रिदमध्ये काही ठिकाणी रस्ता ओलांडायचा तर खांबावरच्या पेटीचं बटण दाबावं लागतं. पेटीवर लिहिलेलं असतं 'पुल्से', म्हणजे दाबा. दाबलं की 'एस्पेरे बेर्दे', म्हणजे हिरवा लागेपर्यंत थांबा. आमचे काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आज्ञार्थाशी त्यांचा जन्माचा संबंध, फक्त ऐकून घेण्याच्या बाजूनं. त्यामुळे विमानात त्यांनी स्पॅनिशचं तेवढंच एक प्रकरण पाठ केलं.

"एस्पेरार म्हणजे थांबणे," काका त्या रहदारीत सांगू लागले. "शेवटचा र उडवला की एस्पेरा. हे झालं अरे-तुरे. मान द्यायचा तर आ चा ए करायचा, एस्पेरे. खांब आपल्याला अहो-जाहो करतोय!"

दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.

पुढे एका बारच्या दारात विशीतला वेटर हात हलवत म्हणाला, "पासा, पासा!" काका खूश. बस-बसा, ये-या ऐकत वाढलेल्या कानाला शेवटी 'आ' आला की मान मिळाल्यासारखं वाटतं. दोन पावलं आत गेल्यावर त्यांना नियम आठवला. पासार, र उडाला, पासा. म्हणजे 'आत ये'! सत्तरीच्या माणसाला! दारावरच्या पाट्या 'तीरे' आणि 'एम्पुखे', म्हणजे ओढा आणि ढकला, असं अदबीनं सांगतात आणि हा पोरगा असा. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी हेच दिसतं : लोखंड आणि काच आदरानं बोलतात, माणसं सलगीनं. मला हे फार आवडलं. पण काकांना सांगणार कोण?

तेवढ्यात शेजारचा गिऱ्हाईक ओरडला, "कोब्रामे!" काकूंनी झटकन पाय वर घेतले. कोब्रार म्हणजे पैसे घेणे. कोब्रा म्हणजे घे, आणि 'मे' हे सर्वनाम आज्ञेच्या शेपटाला चिकटतं. बिचारा बिल चुकतं करत होता. काकूंनी मात्र खुर्चीखाली नीट बघूनच पाय खाली ठेवले.

खरा घोटाळा लॉजवर झाला. 'एर' आणि 'ईर'ची क्रियापदं उलट चालतात. तिथं सलगीला ए आणि मानाला आ. एस्क्रिबे म्हणजे लिही, एस्क्रिबा म्हणजे लिहा. मालकीणबाई जुन्या वळणाच्या, अनोळख्याला एकेरी हाक मारायच्या नाहीत. त्यांनी बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट पुढ्यात ठेवलं. ऑलिव्ह तेलानं ते कडेपर्यंत चकाकत होतं. काकूंच्या अँजिओप्लास्टीला वर्षही झालं नव्हतं. बाई प्रेमानं ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "कोमा, सेन्योरा, कोमा!"

काकूंचा घास हातातच राहिला.

"अगं, मान देतायत तुला," काका म्हणाले. "कोमेर म्हणजे खाणे. जेवा म्हणतायत."

"एकेरीतलं काय आहे?"

"कोमे."

"मग त्यांना सांगा, मला एकेरीतच बोला."

मित्रांच्या घोळक्याला हुकूम सोडताना स्पेनमध्ये र च्या जागी द येतो : मिराद, कोमेद, एस्क्रिबीद. मेक्सिकोत ही भानगडच नाही. खुद्द स्पेनमध्येही बोलताना बरेच जण तो र तसाच ठेवतात. 1713 साली स्थापन झालेल्या तिथल्या भाषा अकादमीनं अखेर 2017 मध्ये 'जा'साठीचं 'ईरोस' हे असलं एक रूप मान्य केलं. काकांनी लगेच निकाल दिला, "म्हणजे गुंठेवारी नियमित केली!"

संध्याकाळी रेतीरो बागेत तळ्याकाठी बसलो होतो. एका तपकिरी कुत्र्यानं काकांच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकले आणि बिस्किटांच्या पुड्यात नाक खुपसलं. काका ताठ बसून, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "बाखे!" कुत्र्याची मालकीण हसून बाकावर कलंडली. बाखार म्हणजे उतरणे, आणि कुत्र्याला कुणीही 'बाखा'च म्हणतं.

"तुम्ही त्याला 'खाली उतरा' म्हणालात," मी म्हणालो.

"मग? आमची ओळख कुठाय?" काका म्हणाले. "पहिल्याच भेटीत अरे-तुरे कसं करायचं?"

तोवर पुडा संपला होता.