मूठभर रॉक

मिरचीचं पोतं कुणी अख्खं खाऊन बघत नाही. धर्माबादच्या मिरची बाजारात तर नाहीच नाही. पोत्याचं तोंड सोडायचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि मधून एक मूठ काढायची. त्यातली एक मिरची कानाशी खुळखुळवून बी वाजतंय का ते ऐकायचं, देठाशी मोडून नाकाजवळ न्यायची, फटकी निघाली तर बाजूला फेकायची आणि भाव बोलून मोकळं व्हायचं. वेळ लागतो तो फक्त शिंकायला.

या बाजारात ज्याची हयात गेली, त्याला पुढे कशावरही मत द्यायला वेळ लागत नाही. असा एक मामा बहुतेक अडत दुकानांत असतो. लग्नपत्रिका हातात आली की तो आधी कागद चोळून बघतो आणि मुलीकडच्यांची परिस्थिती सांगतो. पुलाचा नुसता नारळ फुटला की पूल किती पावसाळे काढेल ते सांगतो. नवा तहसीलदार जीपमधून कोणता पाय आधी खाली टाकतो, यावरून त्याची बदली कधी होणार हेही त्याला कळतं. मी संध्याकाळी ज्या दुकानाच्या फळीवर बसतो तिथल्या मामांनी मात्र जो विषय धरलाय, तो नांदेड-लातूरकडच्या दुसऱ्या कुठल्या मामानं धरला असेल असं वाटत नाही. मामा रॉक अल्बमांची परीक्षा करतात.

यात मामांचा दोष नाही, भाच्याचा आहे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी भाचा इंजिनिअरिंगला हैदराबादला होता. आमच्याकडून पुण्या-मुंबईला जायचं म्हणजे रात्र काढावी लागते. हैदराबाद त्या मानानं शेजार. १९५६पर्यंत तर आमची राजधानीच ती. तेव्हा मिरची, लुगडी, डॉक्टर आणि वाईट सवयी तिकडून येणं हा जुना रिवाज आहे. भाच्यानं आबिड्स-कोटी भागात हिंडून, मेसचे पैसे वाचवून इंग्रजी कॅसेटी जमवल्या. पुढे वायटूकेच्या लाटेत तो अमेरिकेला गेला आणि कॅसेटी गुंटूरच्या मिरचीच्या रिकाम्या पोत्यात भरून मामांच्या माळ्यावर टाकून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मामा, फेकू नका." मामांनी ते 'राखण करा' असं ऐकलं. आणि राखणदाराला मालाची पारख करण्याचा हक्क असतोच.

पद्धत ठरलेली आहे. बाजार उठला, वजनकाटा झाकला, मुनीमजीनं वही मिटली की पोतं खाली येतं. मामा तोंड दुसरीकडे करून हात आत घालतात आणि जी लागेल ती कॅसेट काढतात. निवडून काढणं म्हणजे लबाडी, असं त्यांचं मत. गिऱ्हाईक जर वरवरचा चांगला माल उचलायला लागलं तर खालचा कुणी घ्यायचा? कॅसेट एका जुन्या टू-इन-वनमध्ये जाते. इतकी वर्षं मिरचीच्या पोत्यात राहिल्यामुळे टेपवर बारीक लाल भुकटी बसलेली असते, त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या आधी टू-इन-वन खोकतो. टेप अडकली की मामा पोती शिवायच्या दाभणानं ती अलगद ओढून काढतात आणि मुनीमजीच्या बॉलपेनवर गुंडाळतात. मग दोन गाणी, फार तर अडीच. आणि निकाल. मी शाळामास्तर, म्हणून फोनवर बघून अल्बमची कुंडली वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आहे.

पहिल्यांदा हातात आला तो पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून'. काळ्या कव्हरवर त्रिकोणी काच, एका बाजूनं पांढरा उजेड आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं रंग बाहेर पडतात. मामांनी ते लांब धरून बघितलं. "आत पांढरं, बाहीर रंग. भेसळ हाय." कॅसेट लावली. सुरुवातीला काळजाचे ठोके. "बीपीवाला." थोड्या वेळानं दहा-पंधरा घड्याळं एकदम ठणाणा वाजायला लागली, तेव्हा तर मामांनी बटणच दाबलं. "दिवसभर आडतीवर कलकल ऐकायची आन् संध्याकाळी पैसे देऊन गजर ऐकायचा?" मी म्हटलं, मामा, हा १९७३चा अल्बम १९८८पर्यंत अमेरिकेच्या यादीत ७४१ आठवडे होता. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला. "चौदा वर्षं माल गोदामात? मग पोरकिडा लागला आसंल." पण कॅसेट उलटवली आणि पहिल्याच गाण्याला नाण्यांचा खुळखुळाट आणि गल्ल्याचा खणखणाट सुरू झाला. मामा सरसावून बसले. हमालांनाही बोलावलं. निकाल तिथल्या तिथे बदलला नाही, कारण बोललेला भाव मामा फिरवत नाहीत, पण पुरवणी जोडली: "पैली बाजू भेसळ. दुसरी बाजू धंदेवाईक."

डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ची गोष्ट वेगळी. त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं खऱ्या आगीवरचं आहे. १९७१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कॅसिनो जळाला, आणि तिथे रेकॉर्डिंगसाठी आलेल्या या मंडळींनी तळ्यावर पसरलेला धूर बघून गाणं रचलं. हे मी सांगत होतो तेव्हा मामांनी डोळे मिटले होते. मिरचीच्या गोदामाला लागलेली आग ज्यानं बघितली आहे त्यालाच धुराचा अर्थ कळतो. अर्धं गाव डोळे चोळत शिवारात पळतं. गाणं संपल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला. "इमा होता का?" मी म्हटलं, असेल. "आसणारच. त्याबिगर आगीवर गाणं सुचत न्हाई."

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमनं दुकानात खरी खळबळ केली. १९७१चा माल, पण कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसता एक म्हातारा पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन वाकून उभा. मामा बराच वेळ कव्हर उलटंसुलटं करत होते. "बिनमार्काचा माल," ते शेवटी म्हणाले आणि आवाजात आदर होता. "बिनमार्काचा माल बाजारात लावायला छाती लागती." गायक वरच्या पट्टीत गेला तेव्हा देठ खुडायला येणाऱ्या बायका मजुरीसाठी थांबल्या होत्या. त्यांतल्या एका आजीबाईनं विचारलं, "मामा, त्यो बाबा रडायलाय का वरडायलाय?" मामा म्हणाले, "मोळी जड हाय, काकू." २०२३मध्ये इंग्लंडात एका अभ्यासकाला त्या म्हाताऱ्याचा मूळ फोटो सापडला. १८९२चा, विल्टशायरमधल्या एका छपरं शाकारणाऱ्या माणसाचा. मी बातमी वाचून दाखवली. मामा म्हणाले, "मी तवाच म्हणलो नव्हतो का?" मामा तेव्हा तसं काहीच म्हणाले नव्हते. पण दुकान त्यांचं होतं आणि चहाही त्यांचाच.

आमच्या भागात शेतीचा संबंध लागला की माणूस मऊ होतो. जेथ्रो टल हे नाव ऐकून मामांनी आधी तोंड वाकडं केलं होतं. मग मी सांगितलं की हा मुळात अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. बी ओळीनं पेरणारं यंत्र यानं काढलं आणि बँडनं त्याचं नाव उचललं. मामांनी ताबडतोब बैठक बदलली. "म्हंजी तिफणवाला. मग सरळ म्हणा की!" एवढ्यावर अल्बम पास झाला असता, पण बासरी सुरू झाली, आणि मी वर ही माहिती पुरवली की हा बासरीवाला एका पायावर उभा राहून वाजवतो. मामांनी मान हलवली. "इठोबा दोन पायावर आठ्ठावीस युगं हाय. ह्यो एका पायावर किती टिकंल?" बँड १९६७चा आहे आणि अजून कार्यक्रम करतो, हे मी सांगितलं नाही. मास्तरानं सगळंच सांगू नये.

निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' म्हणजे १९९१ साल. निळ्या पाण्यात नागडं तान्हं पोर आणि पुढे गळाला लावलेली डॉलरची नोट. मामांचं लक्ष नोटेकडे गेलंच नाही. "पाठीला भोपळा न्हाई, डबा न्हाई, दोर न्हाई. ह्याची माय कुठं गेली?" विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त होता. नोट दिसल्यावर मात्र त्यांनी सुस्कारा सोडला. "बरोबर हाय. आमच्या भाच्याला आसंच नेलं." तेच पोर मोठं होऊन २०२१मध्ये बँडवर दावा लावायला गेलं, असं मी वाचल्यावर मामा उठून बसले. "त्याला म्हणावं धर्माबादच्या कोर्टात ये. इथं मुख्यमंत्र्यावर वारंट निघालंय." हे मात्र खोटं नाही. आमच्या गावाजवळच्या बाभळी बंधाऱ्यावर २०१०मध्ये चंद्राबाबू नायडू मोर्चा घेऊन आले, त्या प्रकरणात आमच्या कोर्टानं २०१८मध्ये, ते आंध्रचे मुख्यमंत्री असताना, अजामीनपात्र वॉरंट काढलं होतं. त्या आठवड्यात धर्माबादची छाती दोन इंच फुगली होती, ती अजून उतरलेली नाही.

क्वीनला मामांनी न ऐकताच पास केलं, कारण फ्रेडी मर्क्युरीची शाळा पाचगणीची. "म्हाबळेश्वराकडचा ना? घरचंच गिऱ्हाईक." अशा वेळी मामांची पारख थोडी ढिली पडते हे मान्य केलं पाहिजे.

मध्यंतरी पुण्याला शिकणारा एक तरुण सुट्टीत दुकानावर आला होता. कानात बोंडं, दंडावर काहीतरी गोंदलेलं. मामांची ही सुनावणी बघून तो कळवळला. अल्बम हा पूर्ण ऐकावा लागतो, ओळीनं ऐकावा लागतो, निदान पाच वेळा ऐकावा लागतो, तेव्हा तो उलगडतो, असं त्यानं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, पाच येळा जेवायला बोलावलं की याहीसुदीक बरा वाटतो." पोरगा गप्प झाला. मला तर त्या दिवसापासून मोठमोठ्या समीक्षकांचे लेख वाचताना, यांना हे आवडलं होतं की हे फक्त सरावले होते, अशी शंका यायला लागली आहे. मामांच्या मतात ज्ञान शून्य असेल, पण सराव नाही आणि भीडही नाही. पिंक फ्लॉइडला वाईट म्हटलं तर चारचौघांत आपली काय किंमत राहील, हा विचार मामांच्या बाजारपेठेत विकायलाच येत नाही. एक आहे: स्वतःच्या मिरचीला कुणी असं दोन मिनिटांत नापास केलं तर मात्र मामा संध्याकाळपर्यंत भांडतात.

आता मुख्य प्रकरण. एका मार्च महिन्यात, ऐन हंगामात, मामांच्या हाताला जी कॅसेट लागली तिच्यावर मी नाव वाचलं: रेड हॉट चिली पेपर्स. अर्थ सांगितल्यावर शेजारच्या तीन दुकानांतली माणसं गोळा झाली. लाल, तिखट, मिरच्या! परमुलखात कुणीतरी आपल्या मालाचं नाव घेतलं याचा आनंद काही वेगळाच असतो. अल्बम होता १९९९चा 'कॅलिफोर्निकेशन'. कव्हरवर पोहण्याचा हौद, पण हौदात ढग भरलेले आणि वर आभाळाच्या जागी समुद्र. "ह्यो तर आपला बाभळीचा बंधारा," एक हमाल म्हणाला. हसू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. म्हणजे पाऊस असतो तोवर पाणी खाली तेलंगणात, आणि पाऊस संपला की आम्ही दरवाजे लावून आभाळाकडे बघत बसतो. हमालानं कव्हर बरोबर वाचलं होतं.

कॅसेट लागली. सगळे ठसक्याच्या तयारीत. एकानं तर उपरणं नाकाला लावलं. पहिलं गाणं जरा झणझणीत निघालं, माना डोलल्या. मग दुसरं, मग तिसरं. मामांनी त्या दिवशी नियम मोडून तब्बल सहा गाणी ऐकली, कारण गावाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. गाणी गोड होत गेली, मवाळ होत गेली, कुणालाही शिंक आली नाही. शेवटी मामांनी बटण दाबलं आणि जमलेल्या बाजारासमोर निकाल दिला.

"नाव तेजा, माल ब्याडगी."

ज्यांना मिरची कळते त्यांना पुढचं सांगायला नको. तेजा जीभ जाळते. ब्याडगीला रंग देखणा, तिखटपणा बेताचा. या बँडवर जगभरात पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण चार शब्दांत एवढं नेमकं मी तरी वाचलेलं नाही.

गेल्या दिवाळीत भाचा आला. अमेरिकेत म्हणे कॅसेटींना पुन्हा शौकीन मिळायला लागले आहेत, तेव्हा पोतं घेऊन जातो म्हणाला. मामांनी मुनीमजीकडून रीतसर हिशोबपट्टी करून दिली. गोदामभाडं, हमाली, तोलाई, आणि पुढे एकेका अल्बमसमोर शेरा: 'रंग बरा', 'ओलावा जास्त', 'फटकी', 'इमा होता'. भाच्यानं हसत हसत पोतं मोजलं, तर एक कॅसेट कमी. कोणती ते दुकानात शिरतानाच त्याला दिसायला हवं होतं. दारावर काळ्या दोऱ्यात लिंबू आहे आणि त्याच्या खाली, सात मिरच्यांच्या जागी, 'कॅलिफोर्निकेशन' लटकते आहे.

"मामा, ही पण द्या ना."

"ती न्हाई मिळायची. दर शनवारी मिरच्या बदलायचा खर्च वाचलाय."