बुवापाड्यात पार्सलची गाडी कशी लावावी?

अभिनंदन! नोकरीचा नाद सोडून अंबरनाथ पश्चिमेला, बुवापाड्यात, चायनीजची गाडी लावायचं तुम्ही ठरवलंत. घरचे नाराज असतील. असू द्या. पहिल्या महिन्यात तेच फुकटचं मंचुरियन मागायला येतील.

बाजारपेठेची काळजी नको. विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना चालत होता तेव्हा माणूस घरचा डबा घेऊन कामाला जायचा. आता तो रात्री साडेनऊला बदलापूर लोकलमधून चिपाडासारखा बाहेर पडतो आणि जेवण पिशवीत लटकवून घरी नेतो. ती पिशवी तुमची असावी, एवढंच आपल्याला साधायचं आहे.

१. आधी जागा हेरा. नवशिके मोकळी, ऐसपैस जागा शोधतात आणि फसतात. मोकळ्या रस्त्यावरून लोक सुसाट निघून जातात. तुम्हाला हवं ते वळण, जिथे शेअर रिक्षाला ब्रेक मारावाच लागतो, समोरून टेम्पो येतो, आणि दोघांपैकी कोणीही मागे घ्यायला तयार नसतं. अशा वेळी रिक्षातल्या चार प्रवाशांना तीन मिनिटं शेजवानचा वास घेण्यापलीकडे उद्योग नसतो. वाहतूककोंडीला लोक उगाच नावं ठेवतात. एवढी स्वस्त जाहिरात दुसरीकडे कुठे मिळेल?

फुटपाथ दिसला तर गाडी त्यावर लावू नका, त्याच्या पुढे लावा. फुटपाथवर स्टुलं मांडायची असतात. चालणाऱ्यांची चिंता करू नका. त्यांना रस्त्याच्या मधोमध चालायची सवय आहे, ती तुम्ही लावलेली नाही.

स्टेशनजवळचा मोह मात्र टाळा. १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. शाळा, दवाखाने आणि देवळांपासून शंभर मीटर. आता टेप घेऊन बुवापाड्यात फिरा आणि जिच्या शंभर मीटरांत शाळा, दवाखाना किंवा देऊळ नाही अशी जागा शोधा. सापडली तर तिथे गिऱ्हाईकही नसेल. टेप घडी करून ठेवा, गाडीवरची ताडपत्री मापायला उपयोगी पडेल.

२. कागदपत्रं. इथे जरा बैजवार बसा, कारण कायदा तुमच्या बाजूने आहे आणि हीच खरी अडचण आहे.

संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावं, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांची सोय करावी. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची वस्ती अडीच लाखांच्या वर होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही सहा हजारांहून जास्त गाड्यांना कायद्याने जागा आहे. त्यापुढचं वाक्य तर पाठ करा: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवायचं नाही.

हे ऐकून छाती फुगली? आता सोडा तो श्वास. प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा सर्वेक्षणाची चौकशी होईल. सर्वेक्षणाचं विचाराल तर समितीचं नाव निघेल. समितीचं विचाराल तर साहेब मीटिंगला गेलेले असतील. याला उशीर म्हणू नका. नीट पाहिलंत तर ही एक व्यवस्था आहे आणि तिच्यात सगळ्यांची सोय आहे. प्रमाणपत्र मिळालं तर जागेवर तुमचा हक्क होईल, आणि हक्क असलेल्या माणसाला फुकट नूडल्स मागता येत नाहीत. शिवाय गाडी कुठे लावायची आणि कुठे नाही, हे कुणाला तरी रंगाने रस्त्यावर आखावं लागेल. आखलं की पाळावं लागेल. त्यापेक्षा तुम्ही अनधिकृत राहिलेले बरे. अनधिकृत माणूस शहराला फार परवडतो.

केंद्र सरकारने २०२० साली दहा हजारांपासून सुरू केलेलं पथविक्रेत्यांचं कर्ज मात्र सोडू नका. ओळखपत्र नसलेल्यांना त्यासाठी पालिकेचं शिफारसपत्र चालतं. म्हणजे हा इसम रस्त्यावर धंदा करतो असं पालिका बँकेला लेखी कळवते, आणि हा इसम रस्त्यावर धंदा करतो म्हणून त्याची गाडी उचलते. दोन्ही कागदांची एकाच फाइलीत गाठ पडू देऊ नका, बिचारे एकमेकांकडे बघत बसतील.

(कागदाचा आदर्श हवा असेल तर पूर्वेला शिवमंदिरात जाऊन या. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख तिथे आहे, बांधकामाच्या तारखेसकट. भोगवटा दाखल्याची इतकी जुनी प्रत आपल्या तालुक्यात दुसरी नाही. नंतरच्यांनी तो किता का गिरवला नाही, हे महादेवच जाणे.)

३. रस्ता कुणाचा ते शिकून घ्या. हा विषय परीक्षेला येतो. कल्याण-बदलापूर रस्त्याच्या काँक्रीटचं विचारलं तर एमएमआरडीए, आतल्या गल्लीचं विचारलं तर नगरपरिषद, वाहतूक पोलीस ठाणे आयुक्तालयाचे, तव्यावरच्या तेलाला अन्न व औषध प्रशासन. नगरपरिषदही जुनीपुराणी नाही. अंबरनाथ १९८३ साली कल्याण महापालिकेत गेलं आणि १९९२ साली बाहेर पडलं. पुढे २०१५ च्या नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षं प्रशासकाने गाडा हाकला. एवढे मालक असलेल्या रस्त्यावर एका हातगाडीला जागा होत नाही, असं कोण म्हणेल? कुणी हटकलंच तर नम्रपणे विचारा, "साहेब, तुम्ही यातले नक्की कोणते?" उत्तर मिळेपर्यंत दोन ट्रिपल राइस निघतात.

४. पाटी. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात, आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. गाडीवाल्यानेही मोठ्यांचं अनुकरण करावं. 'न्यू शांघाय फास्ट फूड पार्सल पॉइंट' असं ठसठशीत देवनागरीत रंगवा. झालं मराठी.

५. सिलिंडर. धंद्याचा निळा, एकोणीस किलोचा. घरचा लाल, चौदा किलो दोनशे ग्रॅमचा. लाल धंद्याला वापरणं गुन्हा आहे. गाडीखाली जे गोणपाटाने झाकलेलं दिसतं त्याचा रंग विचारायचा नसतो.

६. बांधणी. पार्सलच्या धंद्यात पदार्थ दुय्यम, बांधणी मुख्य. उकळतं मंचाव सूप पातळ पिशवीत ओतून, वर हवा भरून, रबर असं मारायचं की गिऱ्हाइकाला घरी कात्री शोधावी लागेल. राज्यात प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ पासून आहे, दंड पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पिशवी एकशे वीस मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हा केंद्राचा नियम. मायक्रॉन कसे मोजतात हे तुम्हाला येत नाही, म्हणून खंत करू नका. पिशवीवाला म्हणतो, "शेठ, एकशे वीसचीच आहे," आणि एका फुंकरीत ती उघडून दाखवतो. एकशे वीसची असती तर फुंकरीने उघडली असती का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही अजून नवशिकेच आहात.

७. गिऱ्हाईक उभं कसं करावं. त्याला बाइकवरून उतरू देऊ नका. उतरला की तो गाडी बाजूला लावेल, आणि तुमच्यासमोरची शोभा जाईल. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, फोन कानाशी, "दादा, हाफ नूडल्स, ग्रेव्ही वेगळी." त्याच्या मागे डिलिव्हरीची तीन पोरं, त्यांच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे शाळेची बस. चुकीच्या पार्किंगला पाचशे रुपये दंड आहे, पुन्हा सापडला तर पंधराशे. पण चलान फाटेल गिऱ्हाइकाचं, तुमचं नाही. त्याला सहानुभूती दाखवा. कोबी जास्त घाला.

डिलिव्हरीच्या पोरांना मात्र पाणी विचारा. अर्ध्या तासात पोचवायचं वचन कंपनीने दिलेलं असतं आणि खड्डे त्यांच्या वाट्याला आलेले असतात.

८. गाडी येते तेव्हा. अतिक्रमणवाल्यांच्या गाडीची वर्दी कोपऱ्यावरचा पानवाला देतो, त्याच्याशी भांडण ठेवू नका. चाकांत हवा भरलेली असावी, कढई शेवटी उचलावी, आणि ज्या गल्लीत पळायचं ती दिवसाउजेडी एकदा चालून पाहावी. नाहीतर तिथे दुसऱ्याची गाडी लागलेली निघते, आणि अतिक्रमण किती वाढलंय म्हणून तुम्हीच ओरडायला लागता.

सापडलात तर शांतपणे २०१४ च्या कायद्याचा आधार घ्या: जप्त मालाची यादी मिळाली पाहिजे, नाशवंत माल मागितल्याच दिवशी परत मिळाला पाहिजे. साहेब गंभीर होऊन ऐकतील. कोबी नाशवंत आहे, हे त्यांना मान्य असतं. फक्त कार्यालय संध्याकाळी बंद होतं आणि कोबीला ते माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला गाडी पुन्हा त्याच जागी लावा. एखाद फूट पुढे चालेल.

९. धंदा जमल्याची खूण. एक दिवस परिसरातले जागरूक नागरिक तुमच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज काढतील: चालायला जागा नाही, धूर, कोंडी, रात्री बारापर्यंत कल्ला. रागावू नका. मजकूर अक्षरशः खरा आहे. मीही एका अशा अर्जावर सही केलेली आहे, गाडीच्याच उजेडात, बाइकच्या टाकीवर कागद ठेवून. गाडीवाल्याने वाकून पाहिलं, पेन चालत नव्हतं म्हणून हिशेबाचं स्वतःचं पेन दिलं आणि विचारलं,

"काका, सूप बरोबर देऊ की आधी घेताय?"