प्रवेशाचा हेतू : जलविहार

देहाचे आकारमान जसजसे वाढत जाते, तसतशी तो देह जलार्पण करण्याची वासनाही बळावत जाते, असा माझा अनुभव आहे. आणि ज्याने ऐन वैशाखात नागपुराहून निघून सौंदडास सासुरवाडीचा पाहुणचार पत्करला आहे, त्याच्या ठायी ही वासना धर्म, अर्थ व मोक्ष या तिन्ही पुरुषार्थांना मागे सारून एकटीच उरते.

सौंदडाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. एका अंगास नागझिऱ्याचे रान, दुसऱ्या अंगास नवेगावचे, आणि मधल्या पट्ट्यात हमरस्ता, लोहमार्ग, धानाच्या बांध्या व माझी सासुरवाडी. नागझिऱ्याला 1970 साली अभयारण्याचा व नवेगावला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला. पुढे 2013 साली या दोहोंस कोका, न्यू नागझिरा व नवेगाव अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. सबब या मुलखात दोन्हीकडचे शेजारी वाघ आहेत, आणि या रानातून त्या रानात जाण्याची त्यांची वहिवाट आमच्या हमरस्त्यावरून जाते.

दुपारच्या पंगतीनंतर मेहुणे सहज बोलून गेले, "जंगलातल्या डोहात अजूनई पानी आहे जी भाऊजी. दुपारचा वाघबी तेथीच बसून रायते." वाक्याच्या उत्तरार्धाने भ्यावे, हा त्यांचा हेतू असावा, मी पूर्वार्धाने मोहित झालो. पुढे त्यांनी असेही सांगितले की वाघ पाण्यात शिरतो तो पुष्कळदा पाठमोरा, आधी शेपूट बुडवून, तोंडावर शिंतोडे उडू नयेत अशा बेताने. मीही बालपणापासून पाण्यात असाच उतरत आलो आहे, आणि घरात आजवर त्यास भित्रेपणा म्हणत असत. माझी ही रीत व्याघ्रकुलातील आहे हे कळताच मी सौभाग्यवतीकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती म्हणाली, "त्याला शेपूट असते."

दुसऱ्या दिवशी परवान्यासाठी एका कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याची मूर्ती होते. त्यांनी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून कलम 28 माझ्यापुढे सरकविले. अभयारण्यात प्रवेश मिळण्याचे हेतू त्यात मोजून पाच दिलेले : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि तेथे राहणाऱ्या इसमाशी कायदेशीर व्यवहार. डुंबणे त्यात कोठेच नव्हते. पर्यटनात ते बसवावे म्हटले, तर पर्यटकाने गाडीतून खाली पाय ठेवावयाचा नाही; आणि गाडीसह डोहात उतरण्याची माझी ऐपत नव्हती. पाचव्या हेतूवर मी क्षणभर रेंगाळलो. परंतु तेथील रहिवाशांपैकी अस्वलाशी करता येण्याजोगा कोणताही कायदेशीर व्यवहार मला सुचेना.

तेव्हा त्या गृहस्थांनी, चष्म्यावरून माझ्या मध्यप्रदेशाकडे पाहत, कलम 29 वाचून दाखविले. अभयारण्यात येणारा किंवा तेथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवान्यावाचून कोणी वळवू नये, अडवू नये वा वाढवू नये, असा त्याचा मथितार्थ. "साहेब, तुम्ही उतरलात तर यातले काय काय होईल, ते माझ्याने सांगवत नाही," असे ते अत्यंत विनयाने म्हणाले. मी अर्ज परत घेतला.

येताना वाटेत मनात आले की प्रश्न सारा जन्मकाळाचा आहे. हा जिल्हा तलावांचा. ते बांधणारे कोहळी लोक पाणी अडविण्यातच मोठे झाले. नवेगावचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात. डोंगरांच्या मधोमध पाळ घालून त्यांनी प्रवाह राजरोस अडविला. आणि आज त्याच पाण्याकाठी राष्ट्रीय उद्यान नांदत असून पाटलांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी एक जलाशय केला तर कीर्ती, आणि मी एक बुडी मारू म्हटले तर गुन्हा!

अखेरीस सायंकाळी, सौंदडाजवळून वाहणाऱ्या आमच्या चुलबंद नदीवर गेलो. येथे कलम नव्हते, परवाना नव्हता. पाणीही जवळजवळ नव्हते. गोरेगावकडच्या डोंगरांतून निघून वैनगंगेस मिळावयास निघालेली ही नदी वैशाखात मध्येच विसावा घेते, आणि रेतीवर पोटरीभर ओलावा ठेवून उरलेला प्रवास पावसाळ्यावर सोपविते. जो काही डोह म्हणावा असा होता, तो म्हशींनी पूर्वापार वहिवाटीने आपल्या ताब्यात घेतला होता. त्यांच्या वरच्या अंगास जागा पाहून, पंचा सावरीत, मी पाठमोरा, शुद्ध व्याघ्रपद्धतीने उतरलो आणि आडवा झालो. पाठ भिजली, कान भिजले. उदर मात्र बेटासारखे कोरडेच राहिले. तरी शपथेवर सांगतो, इंद्रपदाची मला त्या घटकेस असूया वाटली नाही.

डोळे मिटून पाव घटका झाली असेल, तोच काठावरून गुराख्याच्या पोराची हाक आली.

"बाबूजी, जरासे बाजूले सरका ना जी! खालतं म्हशीचं पानी थांबलं."