देवळाशेजारी कोण?

जपानी काताकाना लिपीतले 'शि' आणि 'त्सु' केवळ माझी जिरवायला जन्माला आले असावेत. दोन्हींत दोन आखूड रेघा, एक लांब. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली येते. पण छापील पाटीवरची रेघ जाते आहे की येते आहे, हे विचारायचं कुणाला?

कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी वळणाच्या चित्राक्षरांत, तर पुरता गोंधळ. रोजच्या वापरासाठी 2010 साली सरकारने ठरवलेली अक्षरं 2136. गाय आणि दुपार यांत फरक एवढाच, की गायीची उभी रेघ डोक्यावर बाहेर येते. देऊळ तेच, पण शेजारी सूर्य बसला की 'वेळ', गाय बसली की 'विशेष', हात आला की 'धरणं' आणि चालण्याची खूण आली की 'थांबणं'. चालण्याची खूण लावून थांबायला सांगणाऱ्यांशी माणसाने वाद काय घालावा!

मग मी जुन्या लग्नपत्रिका कापून (गणपती वगळून) कार्डं केली. पुढे कांजी, मागे अर्थ. सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थाच्या पद्धतीप्रमाणे मिठाईचे खोके मांडले: बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. प्रगती अशी, की बायकोने कार्ड अर्धं उचललं तरी मी 'धरणं!' म्हणून ओरडायचो. 'धरणं'वर चहाचा डाग होता आणि 'थांबणं'चा कोपरा दुमडलेला, हे मी तिला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

तोक्योतल्या नूडल्सच्या दुकानात खिडकीवरच्या पाटीला डाग नव्हता. देऊळ ओळखीचं दिसलं, 'इथे थांबा' असं वाचलं आणि थांबलो. पाटी होती पार्सलची: धरा आणि घरी न्या. पाहता पाहता मागे शिस्तीत रांग लागली. मी टेबल मिळण्याची वाट पाहत होतो, मागचे माझ्या ऑर्डरची. खिडकीतल्या मुलीने वाकून काहीतरी विचारलं. मी वाकून 'हाय' म्हटलं, म्हणजे हो. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा 'हाय'. अशा होकारांतून रस्सा भरलेले तीन डबे हातात आले.

बागेतल्या बाकावर जमेल तेवढं खाल्लं. तोक्योत रस्त्यावर कचरापेटी सापडणं देव सापडण्याइतकंच कठीण, त्यामुळे उरलेलं सगळं पिशवीत, कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवून हॉटेल गाठलं. आता प्रत्येक कार्डावर डाग आहे आणि मला एकही ओळखू येत नाही.